सक्सिनिक आम्ल: संगणकातील मॉडेलमध्ये जिवाणू वाढतो, बाटलीत वाढत नाही, चूक कुठे शोधावी?

प्रश्न : जिवाणूगणित

नमस्कार. मी पुण्यात जैवतंत्रज्ञान विषयात पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. ई. कोलाय या जिवाणूकडून साखरेपासून सक्सिनिक आम्ल तयार करून घेणे हा माझा विषय आहे. कोणती जनुके काढावीत हे प्रयोगशाळेत एकेक करून चाचपडण्याऐवजी आधी संगणकावर ठरवावे, असा माझा प्रस्ताव होता आणि समितीने तो याच मुद्द्यावर मंजूर केला. त्यामुळे पुढील प्रश्न थोड्या संकोचानेच विचारीत आहे.

ई. कोलायच्या के-१२ वाणाचे ‘आयएमएल१५१५’ हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले, पेशीतील अभिक्रियांचे संगणकीय मॉडेल मी वापरले. त्यात १५१५ जनुके आणि २७१९ अभिक्रिया आहेत. ‘कोब्रापाय’ या अशी मॉडेले चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑक्सिजनचा प्रवेश शून्य केला, ग्लुकोजचा प्रवेश पेशींच्या दर ग्रॅम कोरड्या वजनामागे तासाला १० मिलिमोल ठेवला आणि लॅक्टेट, फॉर्मेट व इथेनॉल यांच्याकडे जाणाऱ्या तीन वाटा बंद केल्या, म्हणजे एलडीएचए, पीएफएलबी आणि एडीएचई ही जनुके काढली. मॉडेलच्या म्हणण्याप्रमाणे जिवाणूची वाढ मूळ वाणापेक्षा थोडी मंदावते, परंतु सक्सिनेट (सक्सिनिक आम्लाचे पेशीतील रूप) हे मुख्य उत्पादन होते आणि ग्लुकोजच्या दर मोलमागे एक मोलहून अधिक मिळते.

तीनही जनुके प्रत्यक्षात काढण्यात माझे सहा महिने गेले. तयार झालेला वाण हवेत, शेकरवर, व्यवस्थित वाढतो. मात्र रबरी बुचाच्या बाटल्यांमध्ये नायट्रोजन सोडून हवा काढून टाकली, की पाच दिवसांनंतरही माध्यम जसेच्या तसे स्वच्छ राहते. क्रोमॅटोग्राफीत सक्सिनेट नगण्य दिसते, थोडे पायरुव्हेट (साखर फुटताना मधल्या पायरीवर होणारा रेणू) दिसते आणि बहुतेक ग्लुकोज तसेच शिल्लक असते. जनुके खरोखर गेली आहेत हे पीसीआरने दोनदा तपासले. माध्यमही बदलून पाहिले.

माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे की मॉडेल बाजूला ठेवावे आणि जुन्या शोधनिबंधांतील वाण उचलून पुढे जावे. मला मात्र आधी कारण समजून घ्यायचे आहे. पेशीतील सगळ्या अभिक्रिया ज्यात लिहिलेल्या आहेत ते मॉडेल वाढतो की वाढत नाही एवढ्या साध्या प्रश्नाला चुकत असेल, तर त्याच्यावर उद्योगाने विश्वास का ठेवावा? आणि मॉडेल चुकले नसेल, तर माझे काय चुकले?

उत्तर : ताळेबंद

तुमच्या हातात दोष दिसत नाही. मॉडेलनेही त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबरच दिले आहे. फक्त त्याला सांगितलेली परिस्थिती आणि तुमच्या बाटलीतील परिस्थिती एक नव्हती. ती कुठे वेगळी होती हे पाहू.

हे मॉडेल म्हणजे जमाखर्चाची वही आहे. प्रत्येक रेणू जितका तयार होईल तितकाच खर्च व्हायला हवा, ही अट घालून, आणि ती पाळणाऱ्या असंख्य शक्यतांपैकी वाढीचा दर सर्वाधिक असलेली शक्यता रेषीय प्रोग्रामिंगने निवडून, ते प्रवाहांचे आकडे देते. एखाद्या विकराचे प्रमाण पेशीत किती आहे, तो कोणत्या रेणूमुळे मंदावतो, कोणते जनुक हवेच्या अभावी झोपी जाते, यांपैकी काहीही त्या वहीत नोंदलेले नसते. हिशोब जुळला की मॉडेल समाधानी असते.

आता तुमचा हिशोब हाताने मांडून पाहा. यासाठी संगणकही लागत नाही. एका ग्लुकोजपासून दोन फॉस्फोइनॉलपायरुव्हेट (पायरुव्हेटच्या आधीची पायरी) मिळतात आणि त्या ओघात दोन एनएडीएच (पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) तयार होतात. फॉस्फोइनॉलपायरुव्हेटवर कार्बन डायऑक्साइड चढवून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट, मॅलेट, फ्युमरेट या मार्गाने सक्सिनेट करायचे, तर दर सक्सिनेटमागे दोन एनएडीएच खर्च होतात. म्हणजे दोन्ही भाग सक्सिनेटकडे वळवायचे असतील तर चार हवेत आणि जवळ आहेत दोनच. उरलेले मिळवण्यासाठी काही कार्बन पायरुव्हेटवरून अ‍ॅसिटाइल-कोए या पुढच्या रेणूकडे आणि तेथून ग्लायऑक्झिलेटच्या वाटेने, म्हणजे सक्सिनेटकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटेने, न्यावा लागतो. दोन्ही वाटांचे प्रमाण नेमके जमले, तर सात ग्लुकोजमागे बारा सक्सिनेट, म्हणजे मोलमागे १.७१, ही कमाल मर्यादा येते. वजनात ती ग्लुकोजच्या दर ग्रॅममागे १.१२ ग्रॅम भरते. बाहेरून घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती एकाच्या वर जाते. ही मर्यादा कोणताही जिवाणू, कोणतीही कंपनी ओलांडू शकत नाही, आणि मॉडेलचा सर्वांत भरवशाचा उपयोग मला विचाराल तर हाच आहे.

पायरुव्हेटपासून अ‍ॅसिटाइल-कोए करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. हवा नसताना ई. कोलाय पायरुव्हेट-फॉर्मेट लायेज वापरतो. तो तुम्ही पीएफएलबी काढून बंद केला. राहिला पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज. मॉडेलमध्ये तो हवा असो वा नसो, सताड उघडा आहे, शिवाय त्यातून फुकटचा एक एनएडीएच मिळतो, त्यामुळे मॉडेल आनंदाने सगळे पायरुव्हेट तिकडूनच नेते. खऱ्या पेशीत हवा नसताना एनएडीएचचे प्रमाण वाढते आणि तोच एनएडीएच या विकराला, विशेषतः त्याच्या एलपीडी या घटकाला, रोखतो. तुमच्या पेशीत पायरुव्हेट अडून राहिले आहे. क्रोमॅटोग्राफीतील तो लहानसा उंचवटा तेच सांगत आहे. ग्लायऑक्झिलेटच्या वाटेचेही तसेच आहे: ग्लुकोज भरपूर असताना आयसीएलआर हा नियामक ती दाबून ठेवतो आणि मॉडेलला त्याची वार्ता नसते.

तुम्ही पहिल्या नाही आहात, हे वाचून कदाचित धीर येईल. फॉर्मेट आणि लॅक्टेटच्या वाटा बंद केलेला ‘एनझेडएन१११’ हा वाण या क्षेत्रात प्रसिद्ध आहे, आणि तो हवेविना ग्लुकोजवर वाढत नाही म्हणूनच प्रसिद्ध आहे. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील बर्गार्ड, फार्क्या आणि मारानास यांनी २००३ मध्ये ‘ऑप्टनॉक’ ही पद्धत मांडली, तेव्हा सक्सिनेटसाठी संगणकाने सुचवलेल्या पहिल्या जोड्यांमध्ये याच दोन अभिक्रिया होत्या. पुढे एनझेडएन१११ मधून आपोआप झालेल्या उत्परिवर्तनाने ‘एएफपी१११’ हा वाण मिळाला. तो हवेविना वाढतो आणि सक्सिनेटही देतो. त्याच्यातील बदल निघाला पीटीएसजी या जनुकात, म्हणजे ग्लुकोज आत घेणाऱ्या यंत्रणेत. ही यंत्रणा दर ग्लुकोजमागे एक फॉस्फोइनॉलपायरुव्हेट खर्च करून त्याचे पायरुव्हेट करते. सक्सिनेटसाठी लागणाऱ्या कच्च्या मालापैकी निम्मा दारातच जातो आणि वर नको असलेल्या पायरुव्हेटची भर पडते. ते दार अरुंद झाल्यावर पेशीचा श्वास मोकळा झाला.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मी स्वतः एकदा चुकलो आहे म्हणून विचारतो. बाटलीत तुम्ही नायट्रोजन सोडलात. तुमच्या मॉडेलमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या प्रवेशावर काही मर्यादा घातली होती का? सहसा ती नसते. मॉडेल हवा तितका वायू आत ओढते. नायट्रोजनने तुम्ही ऑक्सिजनबरोबर कार्बन डायऑक्साइडही घालवला आहे, आणि ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट करायला तोच हवा आहे. नायट्रोजनऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडा आणि माध्यमात बायकार्बोनेट किंवा मॅग्नेशियम कार्बोनेट घाला.

आता मॉडेलकडे परत जाऊन पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजचा प्रवाह शून्य करा, कार्बन डायऑक्साइडचा प्रवेश मर्यादित करा आणि पुन्हा चालवा. त्यानंतर प्रवाहांचे केवळ एक उत्तर पाहून थांबू नका. कमाल वाढ राखून सक्सिनेटचा प्रवाह कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असू शकतो, ही दोन्ही टोके काढा. पुष्कळदा किमान आकडा शून्य येतो. म्हणजे पेशीला सक्सिनेट न करताही तितकेच वाढता येते आणि सॉल्व्हरने, म्हणजे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरने, अनेक समान उत्तरांपैकी योगायोगाने आपल्याला आवडणारे उत्तर छापलेले असते. निबंधांमध्ये ही तपासणी न केलेली मॉडेले मला आजही दिसतात आणि प्रत्येक वेळी चीड येते.

प्रतिसाद : जिवाणूगणित

मनापासून आभार. काल रात्री हे सगळे करून पाहिले. पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज बंद केल्यावर मॉडेलने आधी एकदोन आडवाटा शोधल्या. त्या विकरांविषयी वाचून, हवेविना त्या खरोखर चालतील का हे पाहून, एकेक बंद केल्या, तेव्हा वाढीचा दर कोसळला. म्हणजे बाटलीत जे दिसले ते मॉडेललाही दिसू लागले. कार्बन डायऑक्साइडवर मी कोणतीही मर्यादा घातली नव्हती, हेही कबूल करते.

परंतु यातून एक शंका निर्माण होते. प्रयोग फसल्यावर त्याला जुळेपर्यंत मॉडेलमधील वाटा बंद करीत जायचे, तर मग मॉडेलने भाकीत केले असे कसे म्हणता येईल? परीक्षकांनी हे विचारल्यास माझ्याकडे उत्तर नाही.

उत्तर : मळीवाला

मी गणितातला नाही. पश्चिम महाराष्ट्रातील आसवन्यांमध्ये आणि त्याआधी एका औषध कारखान्यात किण्वनाच्या टाक्यांवर वीस वर्षे काम केले आहे. वरील चर्चा वाचून आनंद झाला, पण साखरेपासून रसायने हा विषय निघाला की काही गोष्टी मॉडेल चालवणाऱ्यांच्या कानावर घालणे मी कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट कच्च्या मालाची. तुमच्या मॉडेलमध्ये शुद्ध ग्लुकोज जाते. आपल्याकडे स्वस्तात मिळणारी साखर मळीच्या रूपाने येते आणि तिच्यात मुख्यतः सुक्रोज असते. यीस्ट सुक्रोज सहज फोडते, म्हणून आसवनीत हा प्रश्नच येत नाही, ई. कोलायचा के-१२ वाण मात्र सुक्रोजवर वाढत नाही. त्याच जातीचा ‘डब्ल्यू’ वाण वाढतो. तेव्हा एक तर वाण बदला, किंवा सुक्रोज फोडणारी जनुके घाला, किंवा आधी मळीतील सुक्रोज फोडून घ्या. यांतील प्रत्येक पर्यायात साखर पेशीत शिरण्याची रीत बदलते, आणि वरच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे दारातच किती खर्च होतो यावर सगळा हिशोब अवलंबून असेल, तर ग्लुकोजवर काढलेले आकडे मळीला लावता येणार नाहीत. मळीतील पोटॅशियम, कॅल्शियम आणि रंगद्रव्ये यांचा पेशीवर ताण पडतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट आम्लाची. आम्ल तयार होत गेले की सामू घसरतो आणि ई. कोलाय उदासीन सामूच्या आसपासच सुखी असतो, म्हणून सतत अल्कली घालावी लागते. सक्सिनिक आम्लाला दोन आम्ल-टोके असल्याने ११८ ग्रॅम आम्लामागे ८० ग्रॅम कॉस्टिक सोडा जातो. चुना वापरून नंतर गंधकाम्लाने आम्ल मोकळे केले, तर दर किलो आम्लामागे जवळजवळ दीड किलो जिप्सम हाती येते. ते कोण घेणार? इटलीतील कॅसानो स्पिनोला येथील कारखान्याने आणि कॅनडातील सार्निया येथे २०१५ मध्ये सुरू झालेल्या बायोअंबरच्या कारखान्याने कमी सामूवर तग धरणारे यीस्ट निवडले, त्यामागे हेच कारण होते. सार्नियाची क्षमता वर्षाला ३० हजार टन होती, आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. खनिज तेलापासून होणारे तेच रसायन कोणत्या भावाने मिळते, याचा रकाना तुमच्या वहीत नसतो.

तिसरी गोष्ट टाकीची, आणि माझा खरा अनुभव तिथला आहे. पाच लिटरच्या टाकीत साखरेचा थेंब काही सेकंदांत सर्वत्र पसरतो. शंभर घनमीटरच्या टाकीत त्याला मिनिटाच्या आसपास वेळ लागू शकतो. वरून साखर सोडली जाते तिथे पेशी साखरेत बुडालेली असते आणि तळाशी जाते तेव्हा उपाशी. हवा खालून सोडली जाते तिथे ऑक्सिजन असतो, वर पोहोचेपर्यंत तो संपलेला असतो. तुमचे मॉडेल स्थिर स्थिती गृहीत धरते, आणि तुमची पेशी मात्र दर मिनिटाला दोन-तीन वेगळ्या जगांतून फेरी मारून येते. औषध कारखान्यात असताना लहान टाकीत सुरेख चालणारा एक वाण मोठ्या टाकीत अ‍ॅसिटेट ओकू लागला आणि त्याचे कारण शोधण्यात आमचा एक हंगाम गेला.

एवढे लिहून एक सरळ प्रश्न विचारतो, उपहासाने नव्हे: संगणकावर वाण रचून त्यावर मोठा कारखाना उभा राहिला, असे एकही उदाहरण आहे का?

उत्तर : ताळेबंद

मळीवाले साहेब, आहे, आणि ते या धाग्यातील मूळ प्रश्नाशी थेट जोडलेले आहे.

स्पँडेक्सचे धागे आणि अभियांत्रिकी प्लास्टिक यांसाठी लागणारे १,४-ब्युटेनडायॉल हे रसायन तोवर केवळ तेल आणि नैसर्गिक वायूपासून तयार होत असे. त्यापासून वर्षाला २५ लाख टनांहून अधिक पॉलिमर बनतात. कोणताही ज्ञात सजीव ते तयार करीत नव्हता, त्यामुळे ‘चांगला वाण शोधून सुधारणे’ हा नेहमीचा मार्ग बंद होता. सॅन डिएगो येथील जिनोमॅटिका या कंपनीने संगणकाला ज्ञात रासायनिक बदलांचे नियम देऊन, पेशीतील नेहमीच्या रेणूंपासून या रसायनापर्यंत चार ते सहा पायऱ्यांत जाणाऱ्या वाटा शोधायला लावल्या. दहा हजारांहून अधिक वाटा निघाल्या. कमाल उतारा (साखरेमागे मिळणारे उत्पादन), ऊर्जेचे गणित आणि किती पायऱ्यांसाठी विकर ठाऊक नाही, अशा निकषांवर चाळणी करून सक्सिनेटच्या जवळून, ४-हायड्रॉक्सीब्युटिरेटवरून जाणारी वाट निवडली गेली. या वाटेवर सक्सिनाइल-कोएपासून पुढे चार वेळा क्षपण करावे, म्हणजे इलेक्ट्रॉन द्यावे, लागतात, म्हणजे एनएडीएचची भूक सक्सिनेटपेक्षाही मोठी. ग्लुकोजच्या मोलमागे १.०९ मोल ही त्याची कमाल मर्यादा आहे.

आणि त्यांनी ई. कोलायमधून काढलेली जनुके पाहा: एडीएचई, एलडीएचए, पीएफएलबी, शिवाय एमडीएच (ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटचे मॅलेट करणाऱ्या विकराचे जनुक) आणि हवेच्या अभावी क्रेब्स चक्र दाबून ठेवणारा एआरसीए हा नियामक. ‘जिवाणूगणित’ यांनी काढलेली तीनही जनुके या यादीत आहेत. पेशीला पुरेसा एनएडीएच मिळवून वाढायचे असेल तर ब्युटेनडायॉल केल्याशिवाय गत्यंतर उरू नये, अशी ती रचना होती. मग पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज बंद पडण्याचा तोच प्रश्न त्यांच्याही पुढे आला. त्यांनी एलपीडी घटकाच्या एलपीडीए या जनुकाच्या जागी क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूचे, एनएडीएचला कमी जुमानणारे, उत्परिवर्तित जनुक बसवले. सायट्रेट सिंथेज या क्रेब्स चक्रातील पहिल्या विकरामध्येही तशाच हेतूने बदल केला. मॉडेलने ‘या वाटेने जायला हवे’ असे सांगितले आणि जीवरसायनशास्त्राने ‘या वाटेवर कुलूप आहे’ असे सांगितले. त्यांनी मॉडेल सोडले नाही, कुलूप काढले.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात लिटरमागे १८ ग्रॅम मिळाल्याची नोंद आहे. ते कारखान्यासाठी फारच थोडे होते. पुढील पाच वर्षांत तो आकडा १२० ग्रॅमच्या पुढे गेला, आणि हे अंतर केवळ मॉडेलने कापलेले नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. त्यात विकरांची सुधारणा, हजारो वाणांची चाचणी आणि तुमच्यासारख्या टाकीवरच्या लोकांचे कष्ट आहेत. २०१६ मध्ये इटलीत अ‍ॅड्रियाजवळ बोत्रिगे येथे नोव्हामाँट कंपनीचा वर्षाला ३० हजार टन क्षमतेचा कारखाना याच तंत्रावर सुरू झाला.

आता ‘जिवाणूगणित’ यांच्या शंकेविषयी. जुळेपर्यंत वाटा बंद करणे म्हणजे भाकीत नव्हे, हे अगदी खरे आहे. परीक्षकांना तसे स्पष्ट सांगा. परंतु बंद केलेल्या प्रत्येक वाटेमागे तुमच्याकडे स्वतंत्र, तुमच्या बाटलीशी संबंध नसलेले जीवरासायनिक कारण आहे, आणि त्या बदललेल्या मॉडेलने तुम्ही अजून न केलेल्या प्रयोगाविषयी काही सांगितले तर ते भाकीतच ठरेल. उदाहरणार्थ, पीटीएसजी काढले तर काय होईल? तो प्रयोग करण्याआधी मॉडेलचे उत्तर लिहून, तारीख घालून ठेवा.

प्रतिसाद : नवी_पालवी

मी बी.एस्सी.ला आहे, म्हणून प्रश्न भाबडा असल्यास क्षमा असावी. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली असताना या जुन्या रेषीय मॉडेलांची गरज उरली आहे का? आणि हे शिकायला महागडी सॉफ्टवेअरे लागतात का?

उत्तर : ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: नाही. कोब्रापाय आणि जीएलपीके हा सॉल्व्हर दोन्ही मोफत आहेत, ई. कोलायचे मॉडेल ‘बिग’ या मॉडेलांच्या ऑनलाइन संग्रहातून उतरवता येते आणि साध्या लॅपटॉपवर एक गणित सेकंदाच्या आत सुटते.

पहिल्याविषयी: विकराचा कमाल वेग त्याच्या क्रमावरून अंदाजणारी यंत्र-शिक्षणाची साधने आली आहेत, आणि ‘गेको’सारख्या पद्धतीत ते वेग घालून ‘पेशीत प्रथिनांना जागा किती’ ही मर्यादा मॉडेलला लावता येते. त्यामुळे अवास्तव मोठे प्रवाह आपोआप आवरले जातात. पण तेथेही खाली जमाखर्चाची तीच वही असते. शिवाय शिकवायला विदा लागते, आणि आपल्या क्षेत्रात फसलेल्या वाणांची विदा कोणी छापत नाही. ‘जिवाणूगणित’ यांची स्वच्छ राहिलेली बाटली कोणत्याही निबंधात येणार नाही, ही खरी अडचण आहे.

उत्तर : मळीवाला

ब्युटेनडायॉलचे उदाहरण पटले. आणखी एक सुचवतो. ‘जिवाणूगणित’ ताई, तुमचा वाण हवेत चांगला वाढतो ना? मग त्याला हवेविना वाढायला लावण्याचा हट्ट कशासाठी? आधी हवा देऊन पेशींचे पीक घ्या आणि मग हवा तोडून, कार्बन डायऑक्साइड देऊन त्या पेशींकडून आम्ल करून घ्या. आम्ही लोक दोन टप्प्यांचे किण्वन नेहमी करतो.

उत्तर : ताळेबंद

अगदी योग्य. जॉर्जिया विद्यापीठातील वेमुरी, आयटमन आणि ऑल्टमन यांनी २००२ मध्ये एएफपी१११ मध्ये पायरुव्हेट कार्बोक्झिलेजचे (पायरुव्हेटपासून थेट ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट करणाऱ्या विकराचे) जनुक घालून नेमके हेच केले आणि लिटरमागे ९९.२ ग्रॅम सक्सिनिक आम्ल मिळवले. उतारा ग्लुकोजच्या ग्रॅममागे सुमारे १.१ ग्रॅम. वर काढलेल्या १.१२ च्या कमाल मर्यादेशेजारी हा आकडा ठेवून पाहा. हवेच्या टप्प्यात तयार झालेले ग्लायऑक्झिलेटच्या वाटेचे विकर पुढच्या टप्प्यातही उपयोगी पडतात, हे त्यामागचे एक कारण आहे. स्थिर स्थितीच्या एका मॉडेलमधून ही युक्ती निघाली नसती. दोन टप्प्यांसाठी दोन वेगळी गणिते मांडावी लागतात, आणि दुसऱ्यात उद्दिष्ट म्हणून वाढ न ठेवता सक्सिनेट ठेवावे लागते. त्या गणितात पेशीच्या देखभालीसाठी लागणाऱ्या एटीपीचा (पेशीतील ऊर्जावाहक रेणूचा) आकडाही तपासा. तुमच्या मॉडेलमध्ये तो दर ग्रॅममागे तासाला ६.८६ मिलिमोल ठरवून दिलेला आहे. आम्लाचा आणि मिठाचा ताण वाढला की तो खऱ्या पेशीत वाढतो.

न वाढणाऱ्या बाटल्याही लगेच ओतून टाकू नका. मॉडेलने सांगितलेल्या वाढीपर्यंत पेशी कधीकधी उत्क्रांत होऊन पोहोचते. इबारा, एडवर्ड्स आणि पॉल्सन यांनी २००२ मध्ये ई. कोलायला ग्लिसरॉलवर चाळीस दिवस, सुमारे ७०० पिढ्या, वाढवले. सुरुवातीला मॉडेलपेक्षा बराच मागे असलेला वाण अखेरीस त्याच्या आकड्याला येऊन भिडला. एएफपी१११ हा देखील अशाच वाट पाहण्यातून मिळाला आहे.

प्रतिसाद : जिवाणूगणित

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व.

दोन टप्प्यांचा प्रयोग केला. हवेत वाढवलेल्या पेशी गोळा करून, बायकार्बोनेट घातलेल्या माध्यमात आणि कार्बन डायऑक्साइडखाली ठेवल्यावर सक्सिनेट स्पष्टपणे मिळू लागले आहे. उतारा अजून मर्यादेच्या निम्म्यालाही पोहोचलेला नाही आणि पायरुव्हेटचा उंचवटा पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे, म्हणजे कुलूप तिथेच आहे. पीटीएसजी काढण्यासाठीचे प्रायमर मागवले आहेत. मॉडेलचे उत्तर तारीख घालून वहीत लिहिले आणि मार्गदर्शकांची त्याखाली सही घेतली. मॉडेल बाजूला ठेवण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, उलट पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज उघडे असताना आणि बंद असताना काढलेले दोन आलेख प्रबंधात शेजारी शेजारी घालायला सांगितले आहेत. मळीवरील प्रयोगासाठी ‘डब्ल्यू’ वाण मिळवण्याचा अर्जही केला आहे.

जुन्या, नायट्रोजनखालच्या बाटल्यांपैकी तीन मी ओतल्या नव्हत्या. माध्यम बदलून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरून ठेवला होता. त्यांतील तिसरी बाटली काल सायंकाळपासून किंचित गढूळ दिसू लागली आहे. ती दूषित झालेली नाही याची पीसीआरने खात्री होईपर्यंत तिच्याविषयी अधिक काही लिहीत नाही.